तोंडावरचा माणूस

"आत कोण उतरतं?" मी विचारलं, आणि समोरची सगळी माणसं एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागली.

सिमेंट कारखान्याच्या मागच्या आवारात जमिनीत अर्धी पुरलेली एक जुनी टाकी होती, फक्त सरावासाठी ठेवलेली. वर माणूस जेमतेम जाईल एवढं गोल तोंड, आत लोखंडी शिडी. तोंडावर तीन पायांची घोडी उभी केलेली आणि तिला दोर गुंडाळायचं हँडल. उतरणाऱ्याने छातीला पट्टा बांधायचा, पट्ट्याला दोर अडकवायचा, चेहऱ्यावर हवेचा मुखवटा चढवायचा आणि खाली जाऊन एक झडप फिरवून वर यायचं. टाकीत साधीच हवा होती. पण त्या मुखवट्यात आपलाच श्वास भात्यासारखा कानात घुमतो, आणि भट्टीच्या धगीत उमेदीची वर्षं काढलेली माणसंही त्या आवाजाला बिचकतात.

"मी जातो जी," मागून आवाज आला.

लटारी निखाडे. उंच, किडकिडीत, कानशिलं पिकलेली. वर्गात ते नेहमी शेवटच्या बाकावर बसायचे आणि तोंडातून शब्द काढायचे नाहीत. मी त्यांना थोडे घुमेच समजत होते. त्यांनी मुकाट्याने पट्टा बांधला, मुखवटा चढवला आणि आपल्या घराच्या ओसरीवरून उतरावं तसे ते टाकीत उतरले. झडप फिरवली, वर आले. घाम पुसला. बस्स.

"शाब्बास!" मी म्हटलं. "आता लटारीभाऊंना सोपं काम. तोंडावर थांबा. आत्राम खाली उतरेल, तुम्ही फक्त त्याच्यावर लक्ष ठेवायचं."

लटारीभाऊंनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि जमिनीवर ठेवलं.

"हे नाही होणार माह्याच्यानं."

"अहो, आत तर तुम्ही आरामात जाऊन आलात. वर नुसतं उभं राहायचंय."

"आतलं सांगा. म्हणसान तेवढ्या बार उतरतो. वर उभा नाही राहत मी."

दोघं-तिघं फिदीफिदी हसले. लटारीभाऊ वळले आणि उन्हातून कँटीनकडे चालते झाले. यशवंत आत्राम, त्यांचा भट्टीवरचा जोडीदार, तेवढा हसला नाही. त्याने ते हेल्मेट उचललं, सदऱ्याने पुसलं आणि काखेत धरलं.

ही गोष्ट कोरपना तालुक्यातली, मी नोकरीला लागून फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. तिथली जुनी भट्टी बंद होणार होती आणि नव्या भट्टीच्या चिमणीशेजारी एक संयंत्र उभं राहत होतं, धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचं. पुण्याच्या ज्या संस्थेत मी होते तिच्याकडे भट्टीवरच्या कामगारांना तयार करायचं काम आलं आणि मी एकटीच बॅग घेऊन तिथल्या पाहुणघरात येऊन राहिले.

पहिल्या दिवशी आत्रामने विचारलं होतं, "म्हणजे मॅडम, धुराची चाळणी का?"

"चाळणीच. पण एकाच वायूसाठी. एका मनोऱ्यात खालून धूर सोडायचा, वरून एक औषध शिंपडायचं. ते औषध धुरातून तेवढा एकच वायू धरून ठेवतं. मग ते दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन तापवायचं, की वायू सुटतो. तो दाबून, थंड करून टाकीत भरायचा."

"अन् मंग बाकीचा धूर?"

"तो जातो वर."

"एवढी मेहनत करून एकालेच पकडते," आत्राम म्हणाला. "चोर मोठा दिसते."

वर्ग हसला होता. मला मिळालेला तो पहिला हशा. तिथली माणसं मला 'गायधनी मॅडम' म्हणायची, दुपारच्या डब्यातली चटणी वाढायची, पण शिकवायला लागले की चेहऱ्यावर एक पडदा ओढायची. चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना शाळेत बसवलं होतं, तेही नाशिककडच्या एका पोरीसमोर. मला ते समजत होतं.

लटारीभाऊ निघून गेले त्या संध्याकाळी सुरक्षा अधिकारी ढोबळे साहेबांनी मला बोलावलं. "गायधनी, आत जाणं आणि तोंडावर उभं राहणं, दोन्ही यायलाच पाहिजे. तिथे टाक्या आहेत, खड्डे आहेत. एक जण आत, एक जण तोंडावर, हा नियम. निखाड्याला जमत नसेल तर नापास करा. दगडाच्या खाणीवर पाठवू ठेकेदाराकडे."

"भीती नाही वाटत हो त्यांना. आत सगळ्यात आधी तेच गेले."

"मग काय आहे?"

मला माहीत नव्हतं. मी आत्रामला गाठलं. तो कँटीनच्या मागे हात धूत होता.

"त्यायलेच इचारा," तो म्हणाला.

"ते बोलत नाहीत."

"घरी बी नाही बोलत कोणी," आत्राम म्हणाला आणि नळ बंद करून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लटारीभाऊंना बाजूला घेतलं. तोंडावर उभं राहिल्याशिवाय मला त्यांना पास करता येणार नाही, हे सरळ सांगितलं. खाणीचंही सांगितलं. ते कारखान्याच्या पांढुरक्या झाडांकडे बघायला लागले. तिथे सगळ्याच झाडांच्या पानांवर सिमेंटची पूड बसलेली असायची.

"काय करा लागते वर?" त्यांनी विचारलं.

"आतल्या माणसावरून नजर हलवायची नाही. तो पडला, तर भोंगा वाजवायचा आणि हँडल फिरवून दोराने त्याला ओढायचं. आणि काही झालं तरी आपण आत उतरायचं नाही."

"काहीबी झालं तरी?"

"काहीही झालं तरी."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

आत्राम आत उतरला. ठरल्याप्रमाणे झडपेशी पोचल्यावर त्याने एक हात वर केला, गुडघ्यात मोडला आणि टाकीच्या तळाशी आडवा झाला. सगळ्यांना ठाऊक होतं की हा सराव आहे. लटारीभाऊंनाही ठाऊक होतं.

"लटारीभाऊ, भोंगा!" मी ओरडले.

भोंगा त्यांच्या हाताजवळ होता. हँडल समोर होतं. त्यांनी दोन्हीकडे पाहिलंसुद्धा नाही. मुखवटा नाही, पट्टा नाही, त्यांनी सरळ त्या गोल तोंडातून स्वतःला आत सोडलं. शिडीवर नडगी खरचटल्याचा आवाज आला. मी वाकून पाहिलं तर आत्रामचं डोकं मांडीवर घेऊन ते त्याच्या गालावर चापट्या मारत होते. "ए... ए, ऊठ ना. ऊठ!"

"अगा, मी बरा हाय!" आत्राम मुखवट्याआडून ओरडत होता. "भाऊ, सराव हाय हा!"

नियमाप्रमाणे मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं. ते प्रत्येक तुकडीला म्हणायचं असतं, माणसाच्या डोक्यात ठसावं म्हणून. "लटारीभाऊ, खरा वायू असता तर आता तुम्हीही मेला असतात. एकाच्या जागी दोघं."

आतून आवाज आला, अगदी शांत. "मेलो असतो तं बरं झालं असतं."

वर उभ्या असलेल्या माणसांपैकी कोणी हसलं नाही.

दुपारी मी सराव बंद ठेवला आणि सगळ्यांना वर्गात बसवलं. माझ्याकडे काचेची एक मोठी पेटी होती, माशांसाठी असते तशी, आणि चंद्रपूरहून मागवलेला कोरडा बर्फ. तो बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइडच. पेटीच्या तळाशी मी तो टाकला. तीन मेणबत्त्या पायरीपायरीने उंच ठेवल्या आणि पेटवल्या.

"हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. पण हवेपेक्षा जड आहे. पाण्यासारखा खोलगट जागी जाऊन बसतो. बघा."

सगळ्यात खालची ज्योत लवली आणि विझली. मग मधली. वरची तशीच जळत राहिली.

"वरच्या माणसाला वाटतं, सगळं ठीक आहे. हवा छान आहे. खालचा मात्र चार-दोन श्वासांत आडवा होतो. त्याला हाक मारायलाही वेळ मिळत नाही. मग वरचा काय करतो? त्याला वाटतं, चक्कर आली असेल. तो धावतो. आणि तोही जातो. त्याच्यामागे तिसरा. अशा अपघातात पहिल्या माणसापेक्षा त्याला वाचवायला गेलेलेच जास्त मरतात. म्हणून तोंडावरच्या माणसाने आत जायचं नाही. तो भित्रा असतो म्हणून नाही. तो वर राहिला तरच कोणी वाचण्याची आशा असते म्हणून."

शेवटच्या बाकावरून लटारीभाऊ उठून उभे राहिले. चार दिवसांत वर्गात त्यांनी पहिल्यांदा काही विचारलं.

"मॅडम, नाकात झोंबते का तो वायू? सोड्याची बाटली फोडली का नाकात जाते, तसं? अन् तोंडात आंबट लागते?"

"हो. खूप असला की तसंच होतं. ओल्या नाकाला, जिभेला लागून तो आंबट होतो. छाती भात्यासारखी उडायला लागते, मग काही आठवत नाही. पण हे तुम्हाला..."

"अन् हा वायू फक्त कारखान्यातच राहते का?"

"नाही. कुठेही. जुन्या विहिरीत, धान्याच्या पेवात. जिथे हवा खेळत नाही तिथे."

ते खाली बसले. नंतरच्या सगळ्या तासात त्यांची नजर त्या विझलेल्या मेणबत्तीवरून हलली नाही.

वर्ग सुटला. सगळे चहाला गेले. मी काच पुसत होते. लटारीभाऊ बाकावरच होते.

"माहा मोठा भाऊ होता," ते म्हणाले. "दौलत. वावरातली जुनी इहीर उपसाची म्हणून आमी दोघं गेलो. उन्हाळा होता. तळाले गुडघाभर बी पाणी नव्हतं. तो उतरला, दगडायवर पाय देत. मी वर. मले म्हणे, घमेलं सोड. मी घमेलं घ्याले वळलो अन् पायतो तं तो खाली बसून. मले वाटलं, दम खाऊन रायला. मंग तो कुशीवर झाला."

बाहेर कन्व्हेअरचा पट्टा घरघरत होता.

"मी उतरलो, मॅडम. अर्ध्यात गेलो. नाकात तसं झोंबलं, तोंड आंबट झालं, छातीत मावेना. अन् मंग मी वर होतो. काठावर. कसा आलो, मले नाही आठवत. भेलो असन. पळालो असन. गावानं पायलं, भाऊ खाली मरून रायला अन् लटारी वर निजून हाय. कोणी म्हणे पाण्यातल्या आसरांनी नेला. कोणी म्हणे भावानं मरू देला, वावर पायजे होतं त्याले."

"आणि घरचे?"

"घरी वहिनी हाय. पार्बता. तवापासून बोलली नाही माह्याशी. ताट वाढते, कपडे धुते, समदं करते. पण बोलत नाही. पोरगी होती तवा पोरीले सांगे, 'काकाले म्हणा भात घ्या.' पोरीचं लगन झालं. आता भिंतीले सांगते. 'कोणाले चहा पायजे असन तं चुलीवर हाय.'"

त्यांनी किंचित हसल्यासारखं केलं. मग म्हणाले, "मी काही नाही म्हणत तिले. तिचा नवरा गेला. पण आज तुमी जे सांगतलं, ते तिले सांगाल का? माह्या तोंडून तिले खरं नाही वाटणार."

रविवारी मी त्यांच्या गावी गेले. बरोबर वायू मोजायचं छोटं यंत्र होतं, खिशात मावेल एवढं. घर मातीचं, सारवलेलं, अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या. पार्बताबाई दारात उभ्या होत्या. लहानखुऱ्या, कपाळ मोकळं, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला. मला पाणी दिलं, पाट दिला. लटारीभाऊ अंगणातच उभे राहिले, पाहुण्यासारखे.

मी कोण, काय शिकवते ते सांगितलं. मग दौलतभाऊंबद्दल बोलायला आले आहे, असं म्हटलं. बाईंचा चेहरा लाकडासारखा झाला.

"झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "आता काहून?"

"तुमच्याकडे कंदील आहे का?" मी विचारलं.

विहीर गावाबाहेर होती. तिच्यावर बाभळीच्या फांद्या टाकून ठेवल्या होत्या, वीसेक वर्षं कोणी त्या बाजूला फिरकलं नव्हतं. लटारीभाऊंनी फांद्या ओढल्या. बाई चार पावलं लांब उभ्या राहिल्या. मी त्यांना तिथूनच बघा म्हटलं, कंदील पेटवला आणि दोराने खाली सोडला. पिवळा उजेड दगडांवरून खाली सरकत गेला. निम्म्याच्याही खाली गेला असेल नसेल, ज्योत लांबुळकी झाली, कापली आणि गेली.

"वारा असन," बाई म्हणाल्या.

मग मी यंत्र सोडलं. तेवढ्याच खोलीवर ते किंचाळायला लागलं. वर ओढलं तर गप्प. पुन्हा सोडलं, पुन्हा किंचाळलं.

"कंदिलावर विसंबायचं नसतं," मी म्हटलं, "खरं हे यंत्र सांगतं. खाली एक वायू साचलाय. दिसत नाही, वास नाही. माणूस त्यात गेला की काही श्वासांत बेशुद्ध पडतो. दौलतभाऊंना ना कोणी नेलं, ना कोणी मरू दिलं. आणि त्यांच्यामागे जो कोणी तळापर्यंत उतरला असता, तोही वर आला नसता."

बाई हळूहळू पुढे आल्या. त्यांनी माझ्या हातातून दोर घेतला.

"पेटवा पुन्हा," त्या म्हणाल्या.

मी कंदील पेटवला. आता त्यांनीच तो सोडला, हाताखाली हात घालत, पोहऱ्याने पाणी काढणाऱ्या बाईच्या सवयीने. ज्योत त्याच जागी गेली. त्यांनी कंदील वर घेतला आणि काचेवर हात ठेवून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "जो मागून उतरला असता, तो बी मेला असता, हे नक्की का?"

"नक्की."

"अर्ध्यातून कोणी मागं ओढलं असतं तं?"

"तर तो वाचला असता."

त्या मटकन खाली बसल्या, मातीतच. लटारीभाऊ पुढे झाले आणि तसेच थांबले. वहिनीला हात लावायचा की नाही, ते त्यांना कळत नव्हतं.

"भाऊजी," पार्बताबाई म्हणाल्या.

तो शब्द ऐकून लटारीभाऊंचा सगळा देह हलला. मी बाजूलाच होते, मला दिसलं.

"भाऊजी, तुमी पळाले नाही. म्या ओढलं तुमाले."

"काय?"

"मी भाकर घेऊन येत होती. सुनंदा कडेवर. दुरून तुमाले इहिरीत उतरताना पायलं. धावत आली तं हे खाली पडले होते, अन् तुमी अर्ध्यात. तुमची मान पडली होती. हात सुटत होता. पोरीले तशीच मातीत ठेवलं, दगडायवर पाय देत खाली आली अन् तुमची कॉलर धरली. कसं ओढलं, मले बी ठाऊक नाही. वर घेतलं अन् गावाकडं बोंबलत गेली. लोकं आले, तं तुमी काठावर निजलेले. कोणी मले इचारलं नाही, म्या बी सांगतलं नाही."

"काहून नाही सांगतलं?" लटारीभाऊंचा आवाज फुटत होता. "वहिनी, अख्ख्या गावानं..."

"मले ठाऊक हाय गावानं काय म्हणलं. म्या कानानं ऐकलं." त्यांनी पदर तोंडावर धरला. पदराआडून बोलल्या. "मले वाटे, तुमी त्यायच्यापाशी पोचतच होते. म्या मधी आली. म्या नसतं ओढलं, तं तुमी त्यायले काढलं असतं. दीर वाचवला अन् नवरा घालवला म्या. तुमाले कोणत्या तोंडानं सांगू? तुमच्याकडं पायलं का मले तेच आठवे. म्हणून पायलंच नाही कधी."

वाऱ्याने विहिरीकाठच्या वाळल्या गवताचा आवाज होत होता. लटारीभाऊ त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"मले वाटे, मी भेलो म्हणून तू बोलत नाही."

"मले वाटे, तुमाले कळलं तं तुमी घरात राहणार नाही."

बाईंनी मान वर करून मला विचारलं, "अन् त्यायले? काही केल्या काढता आलं असतं का?"

खोटं सांगणं सोपं होतं. "खाली उतरून, नाही," मी म्हटलं. "उतरायच्या आधीच अंगाला दोर बांधला असता, तर कदाचित. पण तेव्हा इथे हे कोणाला माहीत नव्हतं, बाई. तुम्हाला नव्हतं, यांना नव्हतं, दौलतभाऊंनाही नव्हतं."

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग डोळे पुसले, उठल्या, लुगड्याची माती झटकली. लटारीभाऊ बसलेलेच होते.

"उठा भाऊजी," त्या म्हणाल्या. "पाहुणी उपाशी हाय."

त्या दिवशी ज्वारीची भाकर होती, भात, तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. लटारीभाऊंच्या ताटात त्यांनी विचारून विचारून वाढलं. भात घ्या. अजून घ्या. तिखट झालं का. प्रत्येक वेळी लटारीभाऊ 'हाव' म्हणायचे आणि खाली बघायचे, कारण डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं.

शेवटच्या दिवशी परीक्षा झाली. ढोबळे साहेब स्वतः खुर्ची टाकून बसले होते. लटारीभाऊंचा नंबर आला, तेव्हा आत्राम म्हणाला, "मीच उतरतो." तो उतरला, झडपेशी गेला आणि पडला. जरा जास्तच नाटकी पडला.

लटारीभाऊ टाकीच्या तोंडावर वाकले. मला वाटलं, हे पुन्हा उडी घेणार. त्यांचा एक पाय खरंच टाकीच्या काठावर गेला. मग त्यांनी तो मागे घेतला. भोंगा वाजवला. हँडल धरलं आणि फिरवायला लागले, नजर एकदाही न हलवता. आत्रामचं डोकं वर आलं, खांदे आले, मग सगळा आत्राम बाहेर आला. त्याचा मुखवटा काढून लटारीभाऊंनी त्याच्या नाकाशी हात धरला, श्वास बघायला. यादीत ते नव्हतं.

"पास," ढोबळे साहेब म्हणाले. "पण एवढा वेळ लावू नका, निखाडे."

"पुढच्या बारी नाही लावणार, साहेब."

मी पुण्याला परत आले. नंतर बऱ्याच कारखान्यांत जाऊन शिकवलं, बरीच माणसं भेटली. लटारीभाऊ नव्या संयंत्रावर लागल्याचं आत्रामने कळवलं होतं. दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"मॅडम, एक तक्रार हाय."

"का हो? काम जमत नाही?"

"काम बराबर हाय. घरचं हाय जी. वहिनी गजब बोलते. सकाळी उठल्यापासून जे सुरू होते! शेजारणीची म्हैस, सुनंदाची सासू, डाळ शिजत नाही, पाखरं मिरच्या खातात. मधी मी हाव म्हणलं नाही तं रागवते. वीस वर्साचं उरलंसुरलं समदं काढून रायली."

"मग तुम्ही काय करता?"

"मी काय करणार? ऐकतो."

मागून बाईंचा आवाज आला. "कोणाशी बोलून रायले भाऊजी? मॅडम हायेत का? द्या, द्या इकडं!"

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला, भांडं पडल्यासारखं काही वाजलं. पार्बताबाई बोलायला लागल्या. मी कशी आहे, जेवले का, नाशिकला आई कशी आहे, दिवाळीला काय केलं. त्यांच्या चकल्या यंदा मऊ पडल्या होत्या. मागे कुठे तरी लटारीभाऊ मोठ्याने हसत होते. बाईंनी त्यांना तिथूनच दटावलं आणि मला म्हणाल्या, "हां, तं मी काय सांगत होती..."